आठ कोनी घर : रायपूरच्या एका देणगीची दीडशे वर्षं



आज आपण महाराष्ट्राबाहेर जाणार आहोत, पण फार परकं वाटेल अशा ठिकाणी नाही. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलात की गोंदिया मागे पडतं, मग डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि पुढे रायपूर. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला सांगायचं, ‘तात्यापारा’. तो दुसरा प्रश्न विचारत नाही.

‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. पुण्यात आळी, नागपुरात पुरा, तसा रायपुरात पारा. बूढापारा, ब्राह्मणपारा, बैजनाथपारा अशी ही माळ आहे, आणि त्यात एक तात्यापारा. अर्धा शब्द त्यांचा, अर्धा आपला. घरातल्या वडीलधाऱ्याला तात्या म्हणणारी माणसं इथे येऊन राहिली. एका शब्दात अडीचशे वर्षांचा इतिहास बसलेला आहे.

तो थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट समजेल. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत बंगालच्या वाटेवर छत्तीसगढात शिरले. रतनपूरच्या जुन्या हैहयवंशी राजांची सत्ता तिथून ढासळली. १७५८ च्या सुमारास रघूजी भोसल्यांचे चिरंजीव बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी तिथूनच कारभार पाहिला. पुढे सुभेदार आले, १८१८ नंतर इंग्रजांची देखरेख आली, कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला हललं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. राज्य गेलं, पण कारकून, शिक्षक, वकील, पुजारी, वैद्य अशी मराठी घरं राहिली. त्यांच्या मुलांची मुलं आज घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलतात.

आता आजचा विषय. गेल्या काही भागांनंतर एक प्रश्न वारंवार येतोय. चित्रांची, छायाचित्रांची, जुन्या वस्तूंची प्रदर्शनं भरवतात, त्यातून मदत गोळा करतात, वारसा जपला म्हणतात. पण याने खरंच कुणाचं भलं होतं का? लोकांना पाणी नाही, शाळा नाही, आणि तुम्ही मूर्ती काचेत ठेवताय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला पुस्तकी वादात सापडलं नाही, रायपूरच्या एका इमारतीत सापडलं. तात्यापाऱ्याहून घडी चौकाकडे गेलात की महंत घासीदास संग्रहालय लागतं. त्याची पहिली इमारत आठ कोनांची. ती उभी राहिली १८७५ साली. म्हणजे २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षं झाली.

ही देणगी ज्यांनी दिली त्या घराण्याची कथा ऐकण्यासारखी आहे. अठराव्या शतकात पंजाबातून प्रह्लाददास नावाचे एक बैरागी शाली विकत विकत रतनपूरला आले आणि तिथेच स्थिरावले. व्यापार वाढला, पैसा आला. बैरागी ब्रह्मचारी, म्हणून गादी मुलाकडे जात नसे, चेल्याकडे जात असे. या महंतांना भोसल्यांच्या दरबारात मान होता. ते जमीनदारांना कर्ज देत. काहींना कर्ज फेडता आलं नाही, तेव्हा त्यांची जमीनदारी महंतांकडे आली. असं करत करत नांदगाव हे संस्थान तयार झालं. शाल विकणाऱ्या बैराग्याच्या गादीवर राजे बसू लागले.

महंत घासीदास हे त्यांच्यातले. १८६५ साली इंग्रज सरकारने त्यांना मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली. त्यांच्यापासून ब्रह्मचर्याची अट सैल झाली आणि गादी त्यांच्या मुलाकडे, बलरामदासांकडे गेली. घासीदास १८८३ साली वारले. त्याच्या आठ वर्षं आधी त्यांनी हे संग्रहालय उभं केलं होतं.

त्या काळाकडे पाहा. नागपूरला १८६३ मध्ये मध्यवर्ती संग्रहालय सुरू झालं होतं. तोच आपला ‘अजब बंगला’. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात कलाकौशल्य आणि शेतीमालाचं मोठं प्रदर्शन भरलं. मुंबईत १८७२ मध्ये भायखळ्याचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय लोकांना खुलं झालं. त्यामागे नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची खटपट होती आणि पैसा लोकवर्गणीचा होता. आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं. पण मुंबई म्हणजे मुंबई, तिथे शेट होते, कापूस होता, बंदर होतं. रायपूरला १८७५ मध्ये रेल्वेसुद्धा पोचलेली नव्हती. बैलगाडीच्या गावात एका संस्थानिकाने संग्रहालय उभारलं, आणि तेही आपल्या राजधानीत नाही. नांदगाव इथून सत्तरेक किलोमीटर. घासीदासांनी इमारत बांधली ती जिथे साऱ्या मुलुखाचे लोक कामाकाजाला येत त्या रायपुरात.

इथे एक गोष्ट लपवायची नाही. अशा देणग्यांत इंग्रज साहेबांची मर्जी राखण्याचा भागही असे. मान्यता नुकतीच मिळालेली, पदव्या साहेबाच्या हातात. हे सगळ्याच संस्थानिकांना लागू आहे. पण देणाऱ्याच्या मनात काय होतं, हे त्याच्याबरोबर जातं. दिलेली वस्तू मागे राहते आणि तिचं काय झालं ते आपल्याला पाहता येतं.

आता ‘पाणी नाही आणि मूर्ती काचेत’ या प्रश्नाकडे येऊ. घासीदासांचे चिरंजीव बलरामदास यांनी रायपूरच्या नळयोजनेला पैसे दिले. १८९२ साली खारून नदीचं पाणी शहरात आलं. एकूण खर्च ३ लाख ३८ हजार, त्यातले २ लाख एकट्या बलरामदासांचे. योजनेला नावही त्यांचंच मिळालं. बापाने संग्रहालय दिलं, मुलाने पाणी दिलं. ज्या घरात एकाची सवय लागली तिथे दुसरं आपसूक आलं, असं मला वाटतं. संग्रहालयाला दिलेला पैसा पाण्यातून कापला गेला नाही. उलट, आपला पैसा आपल्या संस्थानाबाहेरच्या, अनोळखी लोकांसाठी खर्च करायचा असतो ही सवय त्या घराला आधी संग्रहालयाने लावली.

पुढची पायरी १९५३ ची. संस्थानं विलीन झाली होती, तनखे आले होते. अशा वेळी राणी ज्योतीदेवी आणि त्यांचे चिरंजीव दिग्विजयदास यांनी संग्रहालयासाठी नव्या वास्तूचा खर्च उचलला. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केलं आणि संग्रहालयाला पूर्वजाचं नाव मिळालं. जुनी आठ कोनी इमारत पाडली नाही. तिथे महाकोशल कला वीथिका आली. म्हणजे जिथे पूर्वी दगडी देव मांडलेले होते, तिथे हयात चित्रकारांची चित्रं लागू लागली. रायपूरच्या किती तरी मुलामुलींनी आयुष्यातलं पहिलं चित्रप्रदर्शन या आठ भिंतींत पाहिलं असेल. चित्रकाराला भाड्याने दालन घ्यायची ऐपत नसते. कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी बांधलेली भिंत त्याला मिळते, ही त्याला झालेली मदतच आहे.

याच दिग्विजयदासांच्या राजवाड्यात राजनांदगावला महाविद्यालय सुरू झालं. तिथे १९५८ पासून शिकवायला होते गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी, आणि हे स्वतः हिंदीतले मोठे कवी. आणखी थोडं पुढे खैरागढ. तिथल्या राजा वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी आपली लेक इंदिरा हिच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं. त्याचे कुलगुरू म्हणून मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर गेले. भातखंड्यांचे शिष्य, पक्के मराठी संगीतज्ञ.

आपल्या पुण्यात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. दिनकर केळकर यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्यांनी जन्मभर गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वाद्यं, भांडी जमवली, त्या संग्रहाला मुलाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. खैरागढची राणी आणि शुक्रवार पेठेतले केळकर यांच्यात पैशाच्या बाबतीत जमीनअस्मानाचं अंतर. दुःख एकच होतं, आणि दोघांनीही त्याचं सार्वजनिक काहीतरी केलं.

आता संग्रहालयाच्या आत जाऊ. मला तिथली एकच वस्तू दाखवायला सांगितली, तर मी सोनं किंवा कांस्य दाखवणार नाही. एक लाकूड दाखवीन.

महानदीच्या खोऱ्यात चंद्रपूरजवळ किरारी नावाचं गाव आहे. हे आपलं विदर्भातलं चंद्रपूर नव्हे, छत्तीसगढचं. तिथे हीराबंध नावाचा तलाव. १९२१ च्या उन्हाळ्यात पाणी आटलं, लोक गाळ काढायला उतरले आणि चिखलात एक लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली होती. लाकूड इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचं. अठराशे वर्षं ते पाण्याखाली, गाळात, हवेपासून दूर होतं, म्हणूनच टिकलं होतं. बाहेर काढून उन्हात ठेवल्याबरोबर ते वाळू लागलं, तडकू लागलं आणि अक्षरांसकट ढलपे सुटू लागले.

पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत वाट पाहिली असती तर फारसं काही उरलं नसतं. पण गावात लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे पंडित होते. त्यांना ती लिपी वाचता येत नव्हती. तरीही त्यांनी कागद घेतला आणि दिसली तशी अक्षरं एकेक करून उतरवून काढली. अर्थ कळत नसताना केलेली नक्कल. पुढे डॉ. हिरानंद शास्त्रींनी लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं, ते बरंचसं या नकलेच्या आधारावर. खांबावर राज्याच्या अधिकाऱ्यांची नावं निघाली : नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, अश्वारोह, रथिक, स्वयंपाकघर सांभाळणारा महानसिक, गाईगुरं पाहणारा. राजांच्या याद्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, स्वयंपाकघरवाल्याची नोंद विरळा.

तो खांब आज रायपूरच्या संग्रहालयात आहे, आणि त्यावरची बरीच अक्षरं आता नाहीत. ती अक्षरं कागदावर आहेत, एका माणसाने वेळेवर हात चालवला म्हणून. छायाचित्र काय करतं, असं कुणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो. ते उपाध्याय पंडितांचं काम करतं. आज अर्थ कळो न कळो, दिसतंय तोवर उतरवून ठेवतं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. सिरपूर, महानदीच्या काठचं प्राचीन श्रीपूर. १९३९ मध्ये तिथे जमिनीतून बौद्ध कांस्यमूर्तींचा साठा निघाला. भारतात ज्या सुंदर धातुमूर्ती घडल्या त्यांत यांची गणना होते. त्यातल्या काही रायपूरच्या संग्रहालयात आल्या, काही मुंबईला भारतीय विद्या भवनात गेल्या, आणि तारादेवीची एक अप्रतिम मूर्ती आज अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. एका खड्ड्यातून निघालेली भावंडं, आता एकमेकांना भेटत नाहीत. पुढे १९५० च्या दशकात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूरला रीतसर उत्खनन केलं आणि आनंदप्रभू कुटी विहारासारख्या वास्तू उजेडात आणल्या. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी कलचुरींचे लेख संपादून १९५५ मध्ये मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात रतनपूर-रायपूरचे लेख आहेत. दोघेही मराठी माणसं. भास्करपंत या वाटेने घोड्यावर गेले होते, हे दोघे शाईचा कागद आणि टेप घेऊन गेले. मला विचाराल तर यांची मोहीम जास्त टिकली.

आता छायाचित्रांकडे येतो, कारण तिथे एक टोचणारा प्रश्न आहे. गरिबाचा फोटो काढून तो शहरात टांगला, लोकांनी हळहळ केली, फोटो विकला गेला. ज्याचा फोटो, त्याला काय मिळालं? बस्तरच्या आदिवासींचे किती फोटो निघाले असतील! त्यातल्या कित्येकांखाली नावसुद्धा नसतं. ‘आदिवासी स्त्री, बस्तर’ एवढंच.

याला एक चांगला धडा आपल्या अकोल्याच्या माणसाने घालून दिलाय. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढायला सुरुवात केली. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या ढिगात कमरेइतकी बुडालेली माणसं, आणि मग त्यांची घरं, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. ती छायाचित्रं देशात आणि परदेशात मांडली गेली. एरवी ज्यांच्याकडे शहर नाक दाबून पाहतं, ती माणसं दालनात मधोमध आली आणि पाहणाऱ्याला आपल्या सांडपाण्याचा हिशोब द्यावा लागला. २०१६ मध्ये ओलवेंना पद्मश्री मिळाली. यात कळीची गोष्ट अशी, की ते एकदा जाऊन आले नाहीत. वर्षानुवर्षं जात राहिले. परत जाणारा छायाचित्रकार आणि एकदाच येणारा, यांच्या फोटोंत फरक पडतो, आणि समोरच्या माणसालाही तो कळतो.

छत्तीसगढातलंच एक नाव घ्यायला हवं. सरगुजातल्या पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार. एकटेपणात त्यांनी आपल्या घराच्या भिंती, जाळ्या, पाखरं, माणसं मातीत घडवली होती. १९८३ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाची माणसं तिथे पोचली. आधी घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेल्या या बाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, पुढे त्यांच्या कामाचं प्रदर्शन अमेरिकेत सॅन दिएगोला भरलं, आणि गावातले इतरही ते काम शिकले. इथे प्रदर्शनाने एका हाताची कला दहा हातांत नेली. तिच्याखाली नाव होतं, म्हणून हे झालं.

आता परत तात्यापाऱ्यात येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

१९०० च्या जानेवारीत ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचं हिंदी मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघंही मराठी, मासिक हिंदी. तीन वर्षांत ते पैशाअभावी बंद पडलं. सप्र्यांनी पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. लाख्यांनी रायपुरात सहकारी बँक उभी केली. आज या मासिकाचे अंक अभ्यासकाला मिळतात, कारण ते कुणीतरी जपले. भोपाळला १९८४ मध्ये सप्र्यांच्या नावाने वृत्तपत्रांचं संग्रहालय उभं राहिलं, त्याच्या मुळाशी हीच धडपड आहे : रद्दीत जाणारं वाचवायचं.

आणि आपल्या घरचं? तात्यापारा ते शारदा चौक रस्ता रुंद करण्याची चर्चा किती तरी वर्षं चालू आहे. रस्ता रुंद व्हायला हवा, गर्दी खरी आहे. पण जुनं घर उतरवताना माळ्यावरची पेटी खाली येते. त्यात पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो असतात. मुंज, लग्न, शाळेचा वर्ग, गणपतीतलं नाटक, स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहिलेले आजोबा. सत्तरीच्या आत्याला त्यातली नावं ठाऊक असतात. तिच्या भाच्याला नसतात. आत्या गेली की त्या फोटोची गत किरारीच्या खांबासारखी होते. लाकूड उरतं, अक्षरं जातात.

म्हणून आज एक काम सांगतो. फार खर्च नाही. पेटी उघडा आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाजवळ बसा. प्रत्येक फोटोतली नावं विचारा आणि ती फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको, शाई पुढे फुटते. चिकट पानांच्या अल्बममध्ये जुने फोटो घालू नका आणि लॅमिनेशन तर करूच नका, ते परत काढता येत नाही. प्रत्येक फोटोची मोठी, स्पष्ट प्रत स्कॅन करून दोन वेगळ्या घरांत ठेवा. आत्या बोलत असताना मोबाईलवर तिचा आवाजही नोंदवा.

मग दुसरी पायरी. दहा घरांचे असे फोटो जमले, की गणेशोत्सवात किंवा महाराष्ट्र दिनाला त्यांचं प्रदर्शन मांडा. रायपूरला महाराष्ट्र मंडळ आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तुम्ही असाल तिथे काही ना काही मंडळ असतंच. मूळ फोटो टांगू नका, प्रती टांगा. खाली नावं लिहा, घरात काम करणाऱ्या बाईंचं आणि गाडीवानाचंही, माहीत असेल तर. दाराशी एक पेटी ठेवा आणि त्यात जमेल ते जवळच्या एखाद्या वसतिगृहाला, एखाद्या मुलीच्या फीला द्या. किती जमले आणि कुणाला दिले, तो आकडा त्याच भिंतीवर लावा. हिशोब दिसला की पुढच्या वर्षी पेटी अधिक भरते, हा सगळ्या मंडळांचा अनुभव आहे.

घासीदासांच्या आठ कोनी घराची दीडशे वर्षं आपण आज पाहिली. तेवढं बांधायची आपली ऐपत नसेल. उपाध्याय पंडितांकडे मात्र एक कागद होता आणि वेळेवर बसण्याची तयारी होती. तेवढं आपल्याकडे असतं.

तुमच्या पेटीत काय निघालं ते जरूर कळवा. आणि आत्याला आजच फोन करा, रविवारवर टाकू नका.